नगरपालिकेची उमेदवारी आणि आपला समाज : मांडवीपासून अश्दोदपर्यंत

गेल्या नगरपालिका निवडणुकीच्या वेळची गोष्ट. ती निवडणूक मूळ ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस व्हावयाची होती. परंतु युद्धामुळे ती पुढे ढकलण्यात आली आणि देशात बहुतेक ठिकाणी ता. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी पार पडली. मतदानास काही आठवडे उरले असता आमच्या समुद्रकाठच्या उपनगरात एका घरी मलिद्याचा कार्यक्रम होता. एलियाहू हन्नबींचे नामस्मरण झाले, पोह्यांचे ताट फिरले, आणि चार मंडळी जमली म्हणजे होते त्याप्रमाणे बोलणे वस्तीच्या गाऱ्हाण्यांवर आले. रस्त्यावरचे दिवे, बालवाडीची गळकी खोली, प्रार्थनालयासाठी मागितलेला व कित्येक वर्षे न मिळालेला भूखंड! तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "नगरपालिकेत आपला एक माणूस असल्यावाचून आपले कोणी ऐकणार नाही." दुसरे म्हणाले, "आपली मते ती किती? आपल्या माणसाला निवडून देणार कोण?" त्यावर कोपऱ्यातून उत्तर आले, "का बरे? मुंबईत आपले डॉक्टर मोझेस मेयर झाले नव्हते का?"

ह्या तिसऱ्या वाक्याने चर्चा संपली, कारण डॉ. मोझेस यांचे नाव निघाले की आपल्याकडे अभिमानाने मान डोलावण्याची रीत आहे. पण आम्ही पडलो शिक्षक. एखादे उत्तर बरोबर आले तरी ते कोणत्या रीतीने आले हे विचारण्याची खोड काही जात नाही. मूठभर लोकांच्या समाजातील मनुष्य त्या अफाट नगरीचा प्रथम नागरिक कसा झाला, आणि तो मार्ग आज इथे आपल्याला खुला आहे काय, ह्याचा विचार त्या रात्रीपासून आमच्या मनात घोळत राहिला. तो येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कारभार करणे आपल्या समाजास नवे नव्हते. कोकणात व पुढे मुंबईत प्रत्येक जमातीचा आपला मुकादम असे, त्याच्या हाताखाली चौगुला, पैशाचा हिशेब ठेवणारा गबई, शिवाय हज्जान व शामाश. लग्ने, तंटे, दंड, दफनभूमीची व्यवस्था, दिवाबत्तीचे तेल, हे सर्व जमात बसून ठरवी. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात शाआर हाराहामीम हे आपले पहिले प्रार्थनालय बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकिएल दिवेकर, हे लष्करी पेशाचे गृहस्थ होते आणि समाजाचे मुकादमही होते. आपले जुने लोक त्या वास्तूला मशीदच म्हणत. भांडणेही काही थोडी नसत. गबईने हिशेब दाखवावा की नाही ह्यावरून बोलणे बंद झालेली घराणी आमच्या लहानपणीसुद्धा होती. परंतु सभा भरवणे, ठराव मांडणे, विरोधकाचे ऐकून घेणे किंवा न ऐकता उठून जाणे, हे सारे शिक्षण आपल्याला जमातीच्या ओट्यावरच मिळाले होते.

मग शहराच्या कारभारात आपण मागे का राहिलो? ह्याचे उत्तर कायद्यात आहे आणि आपल्या नोकरीपेशातही आहे.

मुंबईच्या पालिकेत करदात्यांनी निवडलेले सभासद प्रथम आले ते १८७२ च्या कायद्याने. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने ही संख्या ७२ झाली व त्यांतील ३६ जण प्रभागांतून निवडून येऊ लागले. ह्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा हात मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. चार वेळा ते पालिकेचे अध्यक्ष झाले. पारशी समाजही संख्येने लहानच. पण मेहता पारश्यांच्या मतांवर उभे नव्हते, अवघ्या शहराच्या पाणी, गटारे व करांच्या प्रश्नांवर उभे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईबाहेर अलिबाग, पनवेल अशा आपल्या ओळखीच्या गावी नगरपालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच स्थापन झाल्या होत्या. मात्र तेथे सरकारी अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असे. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, त्यानंतर १८८४ चा कायदा झाला, आणि मग हळूहळू गावच्या माणसांना गावच्या कारभारात खरी जागा मिळू लागली.

परंतु मत कोणाला? ज्याच्या नावावर घर आहे व जो घरपट्टी भरतो त्याला. मांडवी, डोंगरी, उमरखाडी येथे चाळीत दोन खोल्यांत भाड्याने राहणारा आपला कारकून, सुतार किंवा दवाखान्यातील कंपाउंडर त्यात बसत नव्हता. १९२२ साली दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यालाही मताचा अधिकार मिळाला, तेव्हा कोठे आपल्यातील काही घरांची नावे मतदारयादीत चढली. भाडे नऊ रुपये असेल तर तेही नाही! सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांनी मुंबई पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर. आणि त्याच वर्षी इस्रायलची स्थापना झाली व आपल्यातील पहिली कुटुंबे इकडे निघण्याची तयारी करू लागली. मताचा पूर्ण हक्क हाती आला आणि आपण बोचकी बांधावयास लागलो, असा हा योगायोग.

दुसरे कारण नोकरी. तेलघाणा सुटल्यावर आपला समाज मुख्यतः सरकारी चाकरीत शिरला. लष्कर, पोस्ट, रेल्वे, कस्टम, इस्पितळे, शाळा. ही चाकरी आपल्याला मानाची वाटे, तिने मुले शिकली. पण सरकारी नोकराला निवडणुकीस उभे राहता येत नसे आणि पालिकेच्या नोकराला पालिकेच्या निवडणुकीस उभे राहता येत नसे. म्हणजे समाजातील लिहितावाचता, सभेत बोलू शकणारा, हिशेब समजणारा जो वर्ग, नेमका तोच बाहेर. १९२३ साली मुंबई पालिकेत सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले आदी स्त्रिया प्रथमच सभासद म्हणून आल्या. त्या काळी आपल्या समाजातील स्त्रिया शिक्षणात व शिक्षिकेच्या पेशात पुष्कळ पुढे होत्या, तरी पालिकेच्या शाळेत शिकवणारी आपली एखादी बाई ह्या रांगेत उभी राहू शकली नसती. निवृत्तीनंतर मात्र पुष्कळांना राजकारणाची आठवण होई. त्या वयात माणूस उमेदवारीपेक्षा आठवणी लिहिण्यास अधिक योग्य असतो, असे आमचे मत आहे, आणि आता आमचेही वय त्याच्या जवळ आल्याने ते बोलण्याचा आम्हांस हक्क आहे.

तिसरी गोष्ट वादाची. १९१७ साली आपल्या समाजात दोन संस्था उदयास आल्या, बेने इस्रायल परिषद व अखिल भारतीय इस्रायली लीग. समाजाने राजकारणापासून दूर राहून शिक्षण व सुधारणा एवढेच पाहावे, की देशाच्या चळवळीत इतरांबरोबर उतरावे, हा त्यांच्या मतभेदातील एक मोठा मुद्दा होता. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, पुढे इतरही काही समाजांना मिळाले. ज्यूंना ते १९१९ च्या किंवा १९३५ च्या कायद्यातही मिळाले नाहीत. भारतातील सर्व ज्यू मिळून पंचवीस हजारांच्या आसपास. त्यांना वेगळा मतदारसंघ देणे सरकारलाही अवघडच होते. त्या काळी पुष्कळांना हा अन्याय वाटला असेल. आम्हांस मात्र मागे वळून पाहताना वाटते की, शेजाऱ्याच्या दारी जाऊन मत मागण्यावाचून दुसरा उपाय न उरणे ही आपल्यासाठी वाईट गोष्ट नव्हती.

आता डॉ. मोझेस. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर हे १९३७-३८ ह्या वर्षी मुंबईचे मेयर होते. मेयर हे नाव त्या पदाला १९३१ पासून मिळाले, त्याआधी अध्यक्ष म्हणत. त्यांच्या मागचीपुढची नावे पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. के. एफ. नरिमन पारशी, नंतर जमनादास मेहता हिंदू, नंतर आपले मोझेस, त्यांच्यामागून सुलतान चिनॉय मुसलमान. म्हणजे वर्षाआड निरनिराळ्या समाजांना पाळी मिळावी असा संकेत पालिकेने पाळला होता आणि त्यात लहान समाजांचीही पाळी येत असे. हे सांगितल्याने डॉ. मोझेस यांचा मान कमी होतो असे कोणी समजू नये. पाळी लहान समाजांची असली तरी त्या समाजांतून कोणाला निवडावे हे शंभरावर सभासद मत देऊन ठरवीत, आणि त्यांत ज्यू सभासद ते किती असणार! ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही अशा माणसांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. वरळी नाक्याकडून महालक्ष्मीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. मुंबईस गेलो की आम्ही त्या रस्त्याने एकदा तरी जातो. टॅक्सीवाल्याला ते कोण होते हे विचारू नये, एवढा धडा आम्ही शिकलो आहोत.

थोडक्यात, कोपऱ्यातून आलेले ते उत्तर बरोबर होते, पण त्याचा अर्थ आपण लावतो तो नव्हता. आपला माणूस मेयर झाला, तो आपल्या मतांनी नव्हे.

आता इकडे येऊ. १९५० नंतर आपली कुटुंबे बेरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा ठिकाणी वसली. अश्दोदचेच उदाहरण घ्या. १९५६ साली वाळूच्या टेकड्यांवर पहिली घरे उभी राहिली, १९५९ साली तेथे स्थानिक परिषद झाली, १९६५ साली बंदर सुरू झाले आणि १९६८ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. अशा बहुतेक नव्या वसाहतींत आरंभी वरून नेमलेला कारभार व मागाहून निवडलेला, असा क्रम असे. रिपनपूर्वीच्या अलिबागची आठवण यावी! १९५५ ते १९७३ पर्यंत नगरपालिकेची निवडणूक क्नेसेटच्या निवडणुकीच्या दिवशीच होई. लोक देशाच्या पक्षाला मत देत आणि त्याच पक्षाची दुसरी चिठ्ठी गावासाठी टाकीत. नगराध्यक्ष परिषदेतील सभासद आपसांत ठरवीत. हिब्रूची अक्षरेही नीट न ओळखणाऱ्या नवागताला काम देणारी कचेरी, घर देणारी कचेरी आणि चिठ्ठी देणारा मनुष्य ह्यांत फारसा फरक दिसत नसे.

त्या वर्षांत आपण स्वस्थ बसलो होतो असे मात्र नाही. १९५१-५२ साली बेरशेब्याच्या मंडळींनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सीसमोर ठाण मांडले व काही जण भारतात परत गेले. १९६२ साली रब्बीनेटने आपल्या विवाहांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या चौकशीच्या अटी घातल्या, तेव्हाचा लढा तर घराघरांत ठाऊक आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व दृष्टींनी ज्यू आहोत असे जाहीर केले तेव्हा तो सरला. उपास, धरणे, मोर्चा ही साधने आपण भारतातून शिकून आलो होतो व ती आपल्याला साधली. साधली नाही ती उमेदवारी. धरणे धरून झाले की सगळे आपापल्या घरी गेले, आणि ज्या टेबलांवर रोजचे निर्णय होतात तेथे आपले कोणी नव्हते.

येथे एक तपशील सांगतो, कारण पुष्कळांना तो ठाऊक नसतो. गावातील विवाहनोंदणी, मिकवे, प्रार्थनालयांना मदत ही कामे धर्ममंडळ, म्हणजे मोआत्सा दातित पाहते. १९७१ च्या कायद्याप्रमाणे ह्या मंडळावरील सभासदांपैकी शेकडा ४५ मंत्र्याने, ४५ स्थानिक नगरपालिकेने व उरलेले १० स्थानिक रब्बींनी सुचवावयाचे. म्हणजे ज्या टेबलावर आपल्या मुलामुलींच्या लग्नाचे कागद जातात, त्याच्या जवळजवळ अर्ध्या खुर्च्यांवर गावच्या परिषदेचा हात. प्रार्थनालयाला सार्वजनिक भूखंड द्यावयाचा की नाही हेही नगरपालिकेच्याच हाती. दिल्लीत, क्षमा करा, जेरुसलेममध्ये कोण प्रधानमंत्री आहे ह्यावर आपण शब्बाथच्या जेवणावर दोन तास बोलतो. परंतु गावच्या धर्ममंडळावर कोण बसले आहे हे आम्ही विचारले तेव्हा दहा जणांत एकालाही सांगता आले नाही. त्या दहांत आम्हीही होतो.

१९७५ मध्ये कायदा बदलला आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये प्रथमच नगराध्यक्षाची थेट निवडणूक झाली. तेव्हापासून मतदाराच्या हाती दोन चिठ्ठ्या : पिवळी नगराध्यक्षासाठी, पांढरी परिषदेच्या यादीसाठी. नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला शेकडा ४० मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. गावची निवडणूक देशाच्या निवडणुकीपासून वेगळी झाली आणि गावचीच माणसे पुढे येऊ लागली. काही त्याआधीच येत होती. यावनेला मेइर शित्रीत १९७४ साली ऐन पंचविशीत नगराध्यक्ष झाले. स्देरोतला १९८३ साली अमीर पेरेत्झ झाले. दोघेही मोरोक्कोत जन्मलेले, लहानपणी इकडे आलेले, नव्या वसाहतींत वाढलेले. त्यांच्यामागे मोठा समाज होता हे खरे. पण तेवढाच समाज मागे असलेले इतर कित्येक जण होते, ते झाले नाहीत, हेही खरे.

आता मुख्य अडचण. मुंबईत प्रभाग होता. आपल्या गल्लीतला डॉक्टर, त्याचा दवाखाना, त्याची ओळख. गल्लीने त्याला मत द्यावे. येथे प्रभाग नाही, अवघ्या गावासाठी यादी आहे, आणि यादीतील क्रम मतदाराला बदलता येत नाही. हिशेब करून पाहू. मानू या की गावात चाळीस हजार मते पडली आणि परिषदेच्या जागा वीस आहेत. एका जागेस सुमारे दोन हजार मते लागली. आपली मते, समजा, आठशे. सगळ्या आठशे जणांनी एकदिलाने मत दिले, आणि आपला इतिहास जाणणाऱ्याला हे समजणे अवघड जाईल, तरीही आपली स्वतंत्र यादी पडणार. त्या मलिद्याच्या रात्री स्वतंत्र यादीचाच बेत निघाला होता. चिन्ह म्हणून कोणती अक्षरे घ्यावीत इथपर्यंत मजल गेली होती. आम्ही त्यास विरोध केला व काही स्नेही आमच्यावर रागावले. ते अजूनही पुरते निवळले नाहीत.

दुसरी वाट मोठ्या यादीत जाण्याची. ह्या वाटेवर फसवणूक फार. काही वर्षांपूर्वी एका यादीच्या मंडळींनी आमच्या ओळखीच्या एका सज्जनांना सन्मानाने बोलावले, त्यांचा फोटो काढला, मराठीत पत्रके छापली, "भारतीय समाजाचा उमेदवार" म्हणून त्यांना घरोघर फिरवले. यादीत त्यांचा क्रमांक होता एकविसावा. यादी निवडून आली चार जणांची. निवडणुकीनंतर ते गृहस्थ भूखंडाच्या अर्जासंबंधी भेटावयास गेले, तेव्हा त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितले. आम्ही त्यांच्यासोबत त्या बाकावर होतो. परत येताना ते एवढेच म्हणाले, "क्रमांक विचारावयास हवा होता."

तेव्हा आम्ही मंडळींना असे सांगितले. यादीने आपले नाव मागितले तर प्रथम क्रमांक विचारा, आणि तो लेखी घ्या. आठशे मते एकट्याने थोडी असली तरी दोन यादींच्या चढाओढीत ती मोठी ठरतात, म्हणून ती आधीच कोणाला वचनात देऊन टाकू नका. आणि उमेदवार असा निवडा की ज्याला आपल्या वस्तीतला मोरोक्कन, रशियन, इथिओपियन शेजारीही नावाने ओळखतो. प्रभाग गेला, तरी इमारतीची समिती आहे, शाळेची पालकसमिती आहे, मोहल्ल्याची समिती आहे. दवाखान्यातल्या त्या डॉक्टराची जागा आज तेथे आहे. आपली माणसे ह्या समित्यांवर जात नाहीत. उशीर होतो, सगळे एकदम बोलतात, हिब्रू भराभर असते, ही कारणे सांगतात. पण आपल्या जमातीच्या सभेत काय वेगळे होत असे?

तरुणांसाठी आणखी एक गोष्ट. गावच्या निवडणुकीत मताचे वय सतरा वर्षे आहे, क्नेसेटसाठी मात्र अठरा. शिवाय कायम रहिवासी पण नागरिक नाही अशा व्यक्तीलाही गावच्या परिषदेसाठी मत देता येते. दहा रुपयांच्या भाड्यासाठी अडलेल्या आपल्या पणजोबांना हे ऐकून नवल वाटले असते. आमच्या वस्तीतील सतरा वर्षांच्या मुलांपैकी किती जण मतदानास गेले हे आम्ही विचारले नाही. त्या दिवशी सुट्टी होती आणि ऊन छान पडले होते.

स्वतंत्र यादीचा बेत अखेर सुटला. त्याऐवजी आमच्या वस्तीतील पालकसमितीचे काम चार वर्षे करणाऱ्या एका बाईंचे नाव पुढे आले. त्या आपल्या समाजातल्या, परिचारिका, तीन मुलांची आई. बालवाडीच्या गळक्या खोलीसाठी त्यांनीच सह्या गोळा केल्या होत्या, आणि त्या सह्यांत आपली नावे पाचात एक होती, बाकी शेजाऱ्यांची. एका यादीने त्यांना तेरावा क्रमांक देऊ केला. त्यांनी नकार दिला. पुन्हा निरोप आला, दहावा. पुन्हा नकार. मतदानास सात आठवडे असताना सहावा मिळाला, लेखी. त्या कागदाची एक प्रत आमच्याकडे ठेवावयास दिली होती. आमच्या कपाटात ती अजून आहे.

यादीच्या पाच जागा आल्या.

बाई दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सकाळच्या पाळीला इस्पितळात गेल्या. पुढे महिन्याभराने त्या यादीच्या प्रमुखांनी त्यांना परिषदेबाहेरील रहिवासी म्हणून शिक्षण समितीवर घेतले. लेखी कागद असल्यामुळे त्यांना तसे करणे भागच पडले, असे आमचे अनुमान आहे. समितीची सभा महिन्यातून एकदा संध्याकाळी असते. बालवाडीचे छप्पर गेल्या पावसाळ्यापूर्वी झाले. भूखंडाचा अर्ज अजून पडून आहे, आणि यादीतील तिसऱ्या क्रमांकाचे सभासद दुसऱ्या गावी राहावयास जाणार अशी बोलवा आहे. ते गेले तर रिकामी जागा यादीतील पुढच्या नावाला मिळते. बाईंनी हे आम्हांस विचारले नाही, आम्हीच त्यांना सांगितले.